लिनक्स फुकट आहे म्हणून घेऊ नका

मॅडम, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की घरी मुलाचा जुना 2014 चा लॅपटॉप पडून आहे, विंडोज 10 चे अपडेट संपले आणि 11 त्याच्यावर चढत नाही. शाळेच्या लॅबमध्ये अकरा मशीन, त्यातली चार चालू. संस्थेतलं कुणीतरी म्हणालं की लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टम, फुकट असतं, टाकून घ्या, आणि तुम्हाला धास्ती अशी की पोरांचं नुकसान होईल आणि शेवटी सगळं निस्तरायला तुम्हीच. धास्ती रास्त आहे. मी गेली सतरा-अठरा वर्षं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय, त्यात शाळांच्या लॅब बऱ्याच, काहींवर लिनक्स टाकलं ते अजून चालू आहे आणि काहींवर टाकलं ते सहा महिन्यांत काढून द्यावं लागलं, तेव्हा दोन्ही सांगतो. जरा लांबेल.

आधी ते 'फुकट' बाजूला ठेवा. खरं सांगायचं तर आपल्याकडे विंडोज तरी कुणी विकत घेतलेलं असतं? असेंबल मशीन घेताना दुकानदारच पेनड्राइव्ह लावून सगळं 'टाकून' देतो, ऑफिससकट, आणि कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट करा' असं पुसट अक्षरात येत राहतं त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग संस्थाचालकाला तुम्ही सांगितलंत की लिनक्सने लायसनचे पैसे वाचतात, तर तो म्हणणार आत्ता कुठे देतोय. तिथे तुमचा मुद्दा संपला. पैसे जातात ते नंतर, दर दोन-तीन महिन्याला माझ्यासारख्याला बोलावण्यात, आणि त्याहून जास्त म्हणजे लॅब बंद राहण्यात.

एक उदाहरण देतो. एका शाळेत दर जूनला मला बोलावणं ठरलेलं. दहा मशीन, सगळी फॉरमॅट करा, गणपतीपर्यंत निम्मी परत तशीच. कारण पेनड्राइव्ह. शिक्षक सायबर कॅफेतून, झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह फिरवून आणायचे, आणि तो शॉर्टकटवाला व्हायरस, म्हणजे पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या जागी बाण असलेली चिन्हं, आतलं गायब. एकदा दहावीच्या अंतर्गत गुणांची फाइल अशी 'गेली' आणि वर्गशिक्षिका रडकुंडीला आल्या. मी पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, तर सगळ्या फाइली जागच्या जागी, फक्त लपवलेल्या, आणि शेजारी तो व्हायरस आयता निपचित पडलेला, कारण तो विंडोजसाठी लिहिलेला आणि माझ्याकडे लिनक्स. मी तो हाताने डिलीट केला, फाइली कॉपी करून दिल्या, पाच मिनिटं लागली. बाईंनी विचारलं तुमच्याकडे हे का चालत नाही हो. त्या एका प्रश्नावर ती लॅब बदलली, लायसनवर नाही.

लिनक्सला व्हायरस होतच नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. होऊ शकतो. पण तिथे प्रोग्राम कुठून तरी उचलून डबल क्लिक करायची सवयच लागत नाही, जे पाहिजे ते सॉफ्टवेअरच्या एकाच भांडारातून येतं आणि बसवताना पासवर्ड मागतं, आणि पोरांच्या लॉगिनला तो पासवर्डच दिलेला नसतो. म्हणजे सातवीतल्या एखाद्या उद्योगी पोराने फार तर वॉलपेपर बदलला, आयकॉन इकडचे तिकडे केले, बास. मी तर पोरांच्या लॉगिनला असं करून ठेवतो की मशीन रिस्टार्ट केलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. ज्या लॅबमध्ये हे केलंय तिथे मी आता वर्षातून दोनदा जातो, आणि त्यातही एकदा चहालाच.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच की लिनक्स घ्यायचं ते आपण ठेवून गेलो तसं ते राहतं म्हणून. तासाला मुलं बसलेली असताना मध्येच 'अपडेट होत आहे, बंद करू नका' असं येत नाही, अपडेट कधी करायचं ते आपण ठरवायचं. मिंट आणि उबंटू हे लिनक्सचेच दोन प्रकार, त्यांची जी दीर्घ मुदतीची आवृत्ती असते तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, मिंट 22 चे 2029 पर्यंत आहेत, म्हणजे आज पाचवीत असलेली पोरं आठवीला जाईपर्यंत तरी स्क्रीनवरचं चित्र तेच राहणार.

आता तुमची मशीन. विंडोज 11 ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ते 2014 च्या लॅपटॉपमध्ये असणं शक्यच नाही. 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ आहे ती ऑक्टोबर 2026 पर्यंत, म्हणजे हा प्रश्न पुढे ढकलता येतो पण सुटत नाही. तोच लॅपटॉप मिंटवर मजेत चालेल. पण एक गैरसमज काढून टाका, लिनक्स टाकलं की जुनं मशीन विमान होतं असं काही नाही. सिस्टम हलकी असते हे खरं, पण रॅम खातो तो ब्राउझर, आणि ब्राउझर इकडेही तोच आणि तिकडेही तोच. 2 जीबी रॅमवर यूट्यूब आणि दोन टॅब उघडले की लिनक्सही धापा टाकणार. 4 जीबी करा, जुन्या डीडीआर 3 रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही जुन्या मालाच्या दुकानात मिळतात, आणि फिरणारी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी टाका. खरं सांगू का, निम्मा चमत्कार एसएसडीचाच असतो, नाव लिनक्सचं होतं.

आणि ती सात बंद मशीन भंगारात काढायच्या आधी प्रत्येकाच्या मदरबोर्डवरचा तो रुपयाच्या नाण्याएवढा सेल बदलून बघा, सीआर 2032. हसू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत मशीन दोन महिने बंद, सेल उतरलेला, जूनमध्ये चालू केलं की तारीख 2009 दाखवतं, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. मग सगळे म्हणतात नेट गेलं, मशीन गेलं, व्हायरस आला. तीस-चाळीस रुपयांचा सेल. मी आजपर्यंत किती 'मेलेली' मशीन अशी उठवली असतील मोजलेली नाहीत.

आता जी लॅब मला परत विंडोजवर न्यावी लागली तिचं सांगतो, कारण ते जास्त कामाचं आहे. तिथे तांत्रिक अडचण काहीच नव्हती. एका सरांना आवड होती, त्यांनी करून घेतलं, छान चाललं होतं, मग सरांची बदली झाली. नवीन सर आले, त्यांनी आधी फक्त विंडोज बघितलेलं, पुस्तकातली चित्रं वेगळी आणि समोरची स्क्रीन वेगळी, कुणाला विचारावं तर शाळेत दुसरं कुणी नाही, आणि मी पंचवीस किलोमीटरवर. चार महिन्यांत लॅबला कुलूप. सरांचा दोष नाही त्यात. आम्ही मशीन तयार केली होती, माणसं केली नव्हती.

याच्या उलट केरळ बघा. तिथे 2001 मध्ये आयटी ॲट स्कूल नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, सुरुवातीला तिथेही विंडोजच होतं आणि शिक्षकांच्या संघटनेने त्याला विरोध केला. मग हळूहळू सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येतं अशा सॉफ्टवेअरवर गेलं, आणि आज त्यांची 'काइट' ही सरकारी कंपनी उबंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टम बनवून सरकारी आणि अनुदानित शाळांना देते. पण खरी गोम त्यात नाहीये. त्यांनी पाठ्यपुस्तकच त्यावर लिहिलं, दहावीची आयटीची प्रॅक्टिकल परीक्षा त्यावरच घेतली, प्रत्येक शाळेत एक शिक्षक आयटीसाठी नेमून त्याला शिकवलं, आणि 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाने मुलांचेच गट केले जे लॅबची निगा राखतात. म्हणजे एक सर बदलून गेले म्हणून लॅब बसत नाही. आपल्याकडे ते सरकारने केलेलं नाही, म्हणून तुम्हाला ते शाळेपुरतं करावं लागेल. दोन शिक्षक आणि आठवी-नववीतली चार पोरं, एवढं नसेल तर माझा सल्ला आहे की करूच नका, आहे ते विंडोज नीट ठेवा. हे मी धंदा सोडून बोलतोय.

शिकायला मराठीत साहित्य आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, वर्ड-एक्सेलची कामं करणारं लिबरऑफिस, गणिताचं जिओजेब्रा यांचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत, एका बाजूला व्हिडिओ लावायचा आणि शेजारी स्वतः करत जायचं अशी त्यांची रीत. एका दिवाळीच्या सुट्टीत होतं.

आणि एक युक्ती, आधी सिस्टम बदलू नका, आधी सवय बदला. आत्ता जी चार मशीन चालू आहेत त्यांच्या विंडोजवरच फायरफॉक्स, लिबरऑफिस, जिओजेब्रा, चित्रं काढायचं टक्स पेंट टाका, हे सगळं तिथेही चालतं. एक टर्म त्यावर शिकवा. मग खालची सिस्टम बदलली तरी पोरांना फरक फक्त स्टार्ट बटणाच्या चित्रात दिसतो. जिओजेब्रावरून आठवलं, नववीच्या भूमितीतला मध्यगासंपात बिंदू त्यावर दाखवा, त्रिकोणाचं टोक माउसने धरून कुठेही ओढलं तरी तीनही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात आणि 2:1 चं गुणोत्तर काही मोडत नाही. फळ्यावर तीन वेळा आकृती काढून जे पटत नाही ते पोरं स्वतः ओढून ओढून बघतात, त्यांना वाटतं कुठेतरी तरी हे चुकेलच. ढगाळ पावसाळ्यात स्टेलॅरियम लावून भिंतीवर तारे दाखवता येतात. त्यासाठी लिनक्सच पाहिजे असं नाही हे परत सांगतो, पण लिनक्सवर हे सगळं एका जागेवरून, जाहिरातींशिवाय आणि 'डाउनलोड' लिहिलेल्या चार खोट्या बटणांशिवाय येतं.

मराठी टायपिंगचं मात्र नीट ऐका, कारण शाळेत भांडणं होतात ती यावरून. तुमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने हे बहुतेक श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखमध्ये असणार. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी अक्षर मराठीच राहतं त्या पद्धतीचे, नाहीत, आत इंग्रजीची अक्षरं असतात आणि वरून मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर, मग ते विंडोज असो की लिनक्स, फाइल उघडली की नुसती इंग्रजी भुताटकी दिसते. लोक म्हणतात लिनक्सवर मराठी चालत नाही. चालतं हो, युनिकोड मराठी उत्तम चालतं, फॉन्ट सोबतच येतात, इनस्क्रिप्ट हा मराठी अक्षरांच्या ठरलेल्या जागांचा कीबोर्ड आत असतोच, फक्त सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगच्या अंदाजाने टाइप करायचंय त्यांना 'कगप' नावाचा फोनेटिक लेआउट आहे. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं, रफार आणि जोडाक्षरं हमखास सांडतात.

पोरांना मात्र इनस्क्रिप्टच शिकवा. सुरुवातीला आठवडाभर कंटाळतात, मग स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला हे डोक्यात बसलं की सुटतात. एक गंमत म्हणजे 'दुसऱ्या'. मराठीत हा शब्द लिहिताना 'दुसर्या' असं रफार आलेलं तुम्ही शेकडो ठिकाणी बघितलं असेल, कारण टाइप करणाऱ्याने साधा र वापरलेला असतो. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग य. झालं. हे एकदा दाखवलं की पोरं आयुष्यभर चुकत नाहीत आणि मग शिक्षकांच्या नोटिसा सुधारत बसतात.

दुसरी कटकट म्हणजे प्रश्नपत्रिका. विंडोजवर मंगल किंवा निर्मलामध्ये एका पानात बसवलेली प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये उघडली की सव्वा पान होते, कारण फॉन्ट बदलतो आणि ओळींची उंची वेगळी. उपाय सोपा आहे, दोन्हीकडे मुक्त फॉन्ट वापरा, मुक्ता किंवा नोटो देवनागरी, आणि छापायला देताना कायम पीडीएफ. वर्डच्या किचकट फाइली, मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट, त्या लिबरऑफिसमध्ये कधी कधी फिसकटतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून कार्यालयातलं क्लार्कचं मशीन आहे तसंच ठेवा. हिशेबाचं टॅली असेल तर विंडोज, श्रीलिपी किंवा कोरलड्रॉवर काम असेल तर विंडोज, डिजिटल सहीचा टोकन रोज लागत असेल तरीही विंडोज, उगाच शहीद होऊ नका. जी पोरं टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा देणार त्यांच्या सरावालाही एक-दोन विंडोज मशीन असू द्या. यू-डायस वगैरे शाळेची माहिती भरायची पोर्टल ब्राउझरमध्येच चालतात, त्याला काही नाही. आणि 'सरकारी कामात लिनक्स कुठे असतंय' असं कुणी म्हणालं तर त्यांना जिल्हा न्यायालयात चक्कर मारायला सांगा, ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांची मशीन उबंटूवर आहेत आणि खटल्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसात तयार झालंय.

'पुढे नोकरीत विंडोजच लागणार' हा पालकांचा प्रश्न येणारच. आठवीतला पोरगा नोकरीला लागेपर्यंत विंडोजच्या दोन आवृत्त्या बदललेल्या असतील, आपण एक्सपीवर शिकलो त्यातलं आज काय त्याच जागी आहे? फाइल, फोल्डर, सूत्र, तक्ता हे समजलं की झालं. आणि जो इंजिनिअरिंगला जाणार त्याचं तर उलटंच आहे, पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेच्या प्रॅक्टिकलच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टमपुढे लिनक्सच सुचवलेलं असतं. तिथे पहिल्यांदा टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती खिडकी, बघून घाबरलेली पोरं माझ्या दुकानात येतात.

आता घरचा लॅपटॉप. माझे वडील 74 वर्षांचे आहेत, त्यांच्या मशीनवर सहा वर्षं मिंट आहे. पेपर वाचतात, भजनं लावतात, वीजबिल भरतात, नातीशी व्हिडिओवर बोलतात. त्यांना आजही सांगता येणार नाही की ते विंडोज नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. घरी ज्याचं सगळं ब्राउझरमध्ये होतं त्याला बिनदिक्कत टाकून द्या. मुलगा गेम खेळत असेल तर आधी त्याला विचारा, स्टीमवरचे पुष्कळ गेम आता चालतात, पण व्हॅलोरंटसारखे ज्यांच्यात खेळातली लबाडी पकडणारा पहारेकरी असतो ते चालत नाहीत, आणि मग घरात शांतता राहणार नाही.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर तीन गोष्टी. एक, बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. दोन, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज खरं बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर फाइल ठेवायला गेलं की ठेवू देत नाही. तीन, घड्याळ. लिनक्स मशीनच्या आत ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज आपली, त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. लोक सेल बदलतात, मदरबोर्ड दाखवायला आणतात. लिनक्सला स्थानिक वेळ ठेव म्हणून सांगायचं, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे, मला विचारा, सांगतो.

शाळेत सुरुवात अशी करा. 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती, आणि मशीनला काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. शाळाशाळांत आणि झेरॉक्सवाल्याकडे तो एक छोटा पांढरा लेझर प्रिंटर असतो ना, तो लिनक्सवर फार छळतो, मी त्याच्यामागे दोन रविवार घालवलेत. तुमच्याकडे तोच असेल तर तो कार्यालयाच्या विंडोज मशीनलाच राहू द्या आणि लॅबमधून पीडीएफ पेनड्राइव्हने न्या, त्या व्हायरसला आता लॅबमध्ये थारा नाही.

सगळं जमलं तर एकच मशीन नीट तयार करा, मराठी, लॉगिन, सॉफ्टवेअर सगळं, आणि क्लोनझिला नावाच्या सॉफ्टवेअरने त्याचीच नक्कल बाकीच्यांवर उतरवा, अकरा वेळा तेच करत बसू नका. यूपीएस नसेल आणि लाइट जातच असेल तर कधीतरी सुरू होताना काळी स्क्रीन येऊन इनिट्रॅमएफएस असं काहीतरी लिहून थांबेल. घाबरायचं नाही, कुठलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कुठला भाग, तपासायचं ते बहुतेक वेळा त्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं, एफ-एस-सी-के लिहून एक जागा सोडून त्याचं नाव टाकायचं, एंटर, आणि तो विचारेल त्याला वाय, वाय करत जायचं, मग रीबूट. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लॅबच्या भिंतीवर चिकटवा. माझ्या एका शाळेत तो कागद नववीतल्या मुलीने लिहिलाय, त्यात 'घाबरायचं नाही' ला दोनदा अधोरेखित केलंय.

सात बंद मशीनचे सेल बदलून झाले की कुठली उठली ते इथे कळवा, मॉडेल आणि रॅम लिहून, मग कशावर काय टाकायचं ते सांगतो.